पांढऱ्या साडीवरचा चीक

फैजपूरजवळच्या त्या केळी पॅकिंग शेडवर द्रौपदाबाईला सगळे अक्का म्हणतात, आणि जपून म्हणतात. शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण बुद्धविहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर, ओळीखाली बोट ठेवून ठेवून. पण अर्ज असा लिहिते की वाचणारा दोनदा चष्मा पुसतो.

यंदाचा अर्ज साधा होता. शेडवरच्या बावीस बायांना हातमोजे आणि एप्रन पाहिजेत. घडावरून फण्या कापल्या की चीक गळतो. गळताना पाण्यासारखा, वाळला की काळा. लिंबू चोळा, रॉकेल चोळा, कापडावरून हटत नाही. बोटांच्या भेगांत शिरला तर भाकर मोडवत नाही.

शेडचे मालक हितेंद्रभाऊ अर्ज वाचून गोड हसले. "अक्का, रविवारी सगळ्यांना जळगावला सिनेमाला नेतो. केळी कापणाऱ्या बाईवरचाच आहे. पाहून येऊ, मग बोलू."

त्या सिनेमाचा गावोगाव गाजावाजा चालला होता. पाहिला की मन प्रसन्न होतं म्हणे. तो ज्या कादंबरीवरून काढला, ती द्रौपदाबाईने दोनदा वाचली होती. त्यातल्या बाईकडे एकच लुगडं असतं, चिकाने डागाळलेलं. भावाच्या लग्नाला ती ते उलटं नेसून जाते, डाग जरा फिके दिसावेत म्हणून. ते वाचलं तेव्हा द्रौपदाबाईने पुस्तक मिटून कपाळाला लावलं होतं. लिहिणाऱ्याने आपलं घर आतून पाहिलंय, असं तिचं ठाम मत.

आणि पडद्यावर आली कोण? दुधासारखी पांढरी साडी, डोक्यावर घड, वाऱ्यावर पदर!

अंधारात म्हातारी बेबाबाई ओरडली, "माय वं! केळीमा धवळं लुगडं! हाई बाई येडी शे का?"

"तिनी केळ सायबीन शे, आजी. चीकच गळत नही!" मागून शेडवरची तरणी डिंपल म्हणाली. दोन रांगा खिदळल्या.

पण शेवटी सिनेमातला मालक तिला बहीण मानतो, सनई वाजते, आणि खिदळणाऱ्या त्याच बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या. पाणी द्रौपदाबाईच्याही डोळ्यांत आलं. त्याचाच तिला असा संताप आला की पदराने डोळे पुसले नाहीत, खरवडले.

परतीच्या बसमध्ये डिंपल हळूच म्हणाली, "अक्का, भाऊंनी एवढं नेलं-आणलं. अर्ज जरा पुढे ढकलला तर?"

पाच-सहा माना हलल्या. द्रौपदाबाईने त्या मोजल्या नाहीत, ओळखल्या. अर्ज फाडावा लागत नाही, एक गोड सिनेमा पुरतो.

"रडून घे, पोरी," ती म्हणाली. "डोळे पुसायला पदर शे ना? त्याच पदराला उद्या चीक पुसशील."

सोमवारी हितेंद्रभाऊंनी प्रत्येकीला नायिकेसारखी पांढरी साडी वाटली. खोक्यांवर छापायला फोटो हवा होता. फोटोवाला बुधवारी दुपारी दोनला येणार. "त्या दिवशी नेसून या," भाऊ म्हणाले आणि निघून गेले. कामाला काय नेसायचं, हे सांगायचं त्यांना सुचलंच नाही.

"जुनी साडी सोबत आणू का वं?" डिंपलने विचारलं.

"कशाला? नेसून या म्हटलंय, नेसून यायचं. आणि काम रोजच्यासारखं. एक फणी कमी नाही, एक जास्त नाही."

बेबाबाई कळवळली. "कोरी साडी शे, अक्का!"

"सिनेमातलीला जमलं. तुला का जमू नये?"

बुधवारी दोनला फोटोवाला शेडच्या दारातच थबकला. बावीस साड्या. छातीवर, पोटावर, निऱ्यांवर तपकिरी-काळे ओघळ. बेबाबाईच्या पदरावर तर अख्खा पंजा उमटलेला.

"हे काय करून ठेवलं?" हितेंद्रभाऊ ओरडले.

"काम," द्रौपदाबाई म्हणाली. "धुवायला सांगू नका भाऊ, केळीच्या गावात वाढलात तुम्ही. काढा फोटो. कादंबरीत ती बाई अशीच शे. नाही तर एप्रन आणा, मग बघा साडी कशी पांढरी राहते."

मागे एकवीस बाया उभ्या होत्या. डिंपल सगळ्यांत पुढे.

फोटोवाल्याने घसा खाकरला. "भाऊ, मी परत कधी येऊ?"

"एप्रन आल्यावर!" हितेंद्रभाऊ खेकसले. द्रौपदाबाईने अर्ज पुढे केला. त्यांनी तो खोक्यावर ठेवून सही ठोकली.

आठ दिवसांत निळे एप्रन आले. हातमोजे एक माप मोठे आले, म्हणून ती पुन्हा भांडली आणि बदलून घेतले.

पुढच्या महिन्यात बोदवडला भाचीचं लग्न होतं. द्रौपदाबाई तीच पांढरी साडी नेसून गेली. उलटी नाही, सुलटी. डाग समोर घेऊन पहिल्या रांगेत बसली. कोणी विचारलंच तर सांगत होती, "बाई, पिच्चरमधली शे. फक्त माझ्या साडीवर काम झालेलं शे."