शिडावरची नावं

डिसेंबरातली थंड सकाळ. खाडीवरनं ओलसर वारा येत होता, आणि वासुदेव चुरी डहाणू स्टेशनाजवळच्या गाळ्यात रोजच्या कामाला बसला होता. लग्नांच्या जुन्या कॅसेटी एकेक करून शेवटपर्यंत फिरवायच्या आणि परत गुंडाळायच्या. नाहीतर या दमट हवेत फितीला बुरशी धरते. पंधरा वर्षं लग्नांचं शूटिंग करणाऱ्या या माणसाचा तो रोजचा नेम.

पण लक्ष आज कॉम्प्युटरकडे होतं. वाढवणच्या देवजीच्या लेकीचं, रुचिताचं लग्न झालेलं. रविवारी पूजेला सगळं गाव टीव्हीपुढे बसणार. देवजीला कॅसेटच्या सुरुवातीला होडी हवी होती. समुद्रातनं होडी येणार आणि तिच्या शिडावर नवरानवरीची नावं. वासुदेवानं शब्द दिला होता.

त्यासाठीच त्यानं मावसभाऊ रोशनकडून त्याचं ग्राफिक्स कार्ड विकत घेतलं होतं. रोशनचा वाणगावला स्टुडिओ. घेताना वासुदेवानं सरळ विचारलं होतं, "माझा प्रोसेसर जुना हाय रे. पेलंल का?"

"चित्र काढायचं काम कार्डाचं. प्रोसेसर नुसता बघत बसणार," असं म्हणत रोशननं स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला होता. "गळ्याशपथ, दादा."

पडद्यावर होडी निघाली. दोन हात पुढं आली आणि थांबली. लाटाही थांबल्या. मग एकदम उडी मारून किनाऱ्यावर. चार दिवस हेच चाललं होतं. शेवटी वासुदेवानं वाणगावला फोन लावला. रोशनच्या बायकोनं, स्वप्नानं उचलला.

"अगबाई, ते कार्ड तुम्ही घेतलंत? आमच्याकडं दोन महिने असंच अडकत होतं, भाऊजी. एकेका लाटेचा हिशोब प्रोसेसरच करतो म्हणे, तो जुना असला की कार्ड वाट बघत बसतं. म्हणून तर यांनी अख्खा कॉम्प्युटरच बदलला."

तिकडं रोशननं फोन घेतला.

"दादा, मला वाटलं तुझ्याकडं चालंल."

"गळ्याला हात लावून वाटलं का?"

"आता सोड ना. कॅसेट पाठव इकडं, होडी मी चालवतो. कॅसेटच्या शेवटी नाव तेवढं माझ्या स्टुडिओचं येईल."

दुपारी देवजी आला. पडद्यावरची थिजलेली होडी बघून हसला. "काय रं वासू, नांगर टाकलास का?"

वासुदेवाला हसू आलं नाही. शूटिंगची कॅसेट त्यानं पिशवीत घातली आणि ती पिशवी देवजीच्या हातात दिली. "वाणगावला रोशनकडं जा. रविवारपर्यंत होईल."

"आणि तुझं नाव?"

"पोरीचं येतंय ना शिडावर. बस झालं."

देवजी घुटमळला, मग गेला. वासुदेवाचा हात नकळत गळ्याशी गेला होता, तो त्यानं खाली घेतला. रोशन, मावशीच्या घरी एका ताटात जेवलेलं पोर. परक्यानं फसवलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. सकाळच्या चार कॅसेटी राहिल्या होत्या. पहिली उचलून फुंकर मारली, मशीनमध्ये घातली आणि फीत फिरायला लागली.