म्हाळसाबाईंचा रांजण मोजला तो दिवस

महालिंगप्पा काका पाण्यात विष कालवतात, असं आमच्या वस्तीत बोललं जात होतं. पुरावाही तयार होता: त्यांनी ज्या घरी बाटली उघडली, त्याच घरचं लेकरू दवाखान्यात गेलं.

विष नव्हतं ते. पाणी शुद्ध करायचं औषध होतं. काका ग्रामपंचायतीचे पाणीवाले. किती लिटरला किती थेंब, हे चुकलं तर औषध वाया जातं, म्हणून भांड्यात किती मावतं ते स्वतः मोजल्याशिवाय ते बूच काढत नाहीत. मोजतात कानडीत, नाकातनं, दर आकड्याआधी घसा खाकरून: "ओंदु... येरडु... मूरु..." ही नक्कल मी अशी करते, की एकदा त्यांच्या बायकोनंच, इरम्माकाकूंनी, आतनं विचारलं, "आलात व्हय? चहा ठेवू?"

लेकरू म्हणजे म्हाळसाबाईंची नात अक्षदा. सात वर्षांची, सोलापूरला सलाईनवर. उद्या घरी येणार होती, आणि कशानं आजारी पडली ते अजून कुणालाच कळलं नव्हतं. आली की पुन्हा घरच्या त्याच रांजणातलं पिणार, ज्यात काकांनी थेंब टाकले होते.

म्हणून काका म्हाळसाबाईंकडं रांजण मोजायला निघाले, तेव्हा मीही मागं गेले. म्हाळसाबाई उंबऱ्यातच आडव्या आल्या.

"आता हात लावू नका रांजणाला. लई झाले तुमचे थेंब!"

"थेंब न्हाय टाकत, आई. नुसतं मोजतो."

रांजण अर्धा जमिनीत पुरलेला, पोट एका अंगाला सुजल्यासारखं. पट्टी लावून हिशेब जमावा असा आकारच नव्हता. गेल्या साली काकांनी पाणी ओतूनच मोजला होता. वर भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं: ४५ लिटर.

"लिहिलंय की काका. पाच लिटरचे नऊ कॅन. लावा पैज!"

"पंचेचाळीसचे थेंब टाकले, तरी पाण्याला औषधाचा वास न्हाय," काका म्हणाले. "नवात भरत न्हाय हा. हरलीस तर?"

"ह्या घरचं पाणी महिनाभर वरच्या हापशावरनं मी आणीन."

रांजण रिकामा करून पुसला. काका ओतत होते, मी त्यांच्याच आवाजात मोजत होते. नववा कॅन संपला तशी "ओंबत्तु!" म्हणून ओरडले आणि वाकून पाहिलं. पाणी काठाच्या वीतभर खाली.

दहावा कॅन. अकरावा. आता मी माझ्याच आवाजात मोजत होते, तेही हळू. बारावा. साठ लिटर गेले, तरी काठ कोरडाच. काकांनी कॅन खाली ठेवला. आम्ही तिघं बघत राहिलो. आवाज नाही, बुडबुडा नाही. पाणी आपलं खाली सरकत होतं.

"म्हणून लवकर सरायचं व्हय," म्हाळसाबाई पुटपुटल्या. "म्या म्हटलं, ऊन वाढलंय."

काका रांजणाकडं बघतच नव्हते. ते मागच्या भिंतीकडं बघत होते. तिच्या पलीकडं, चार हातांवर, संडासाचा खड्डा.

"आई, तळाला चीर हाय. रांजण भरला की पाणी भाईर जातंय," ते म्हणाले, "आन् रिता झाला की तितनंच खड्ड्यातलं आत येतंय."

म्हाळसाबाई रांजणाच्या काठाला हात लावत म्हणाल्या, "गार असतंय म्हणून तिला मीच ह्यातलं..."

त्याच भिंतीच्या ओळीत आणखी पाच घरं आहेत. पाचही घरांत रांजण असेच पुरलेले.

अक्षदा दुसऱ्या दिवशी आली, हडकलेली, आणि आल्या आल्या तिनं पाणी मागितलं. मी आणलेल्या घागरीतलं दिलं. पैज हरले ती हरलेच. आज बारावा दिवस, कंबर सोलून निघालीय.