म्याडमचा उपास

माझ्या भाकऱ्या पोत्यात होत्या. पेंडीच्या रिकाम्या पोत्यात. मांडवामागं पाणी प्यायला गेलते, तर दिसल्या. अजून ऊन होत्या. पुढं पंगतीत पावनी म्हणत होती, "वा, चुलीवरची चवच वेगळी!" आन त्यांच्या ताटात भाकऱ्या आचाऱ्याच्या. लोणावळ्यातनं टेम्पोत भरून आणलेल्या.

वाढप्याला इचारलं, "ह्या कुटं चालल्या?"

त्यानं मान खाली घातली. "गोठ्यावर, ताई. जनावरांना."

मी कुरवंड्याच्या वरल्या कातकरवाडीची. लोणावळ्यात एका बंगल्यावर भांडी घासायची. तितं माझा चहाचा कप येगळा, खिडकीत पालथा घातलेला. त्याचं मला काय वाटायचं न्हाई, लहानपनापासनं तसंच बघितलेलं. मग एक संस्था वाडीवर आली. बायकांना धंद्याचं शिक्षण देणार, फुकट. शिकवायला म्याडम. पयल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणल्या, "आता भांडी घासणं बंद. तू मालकीण व्हायचंस."

मालकीण! मला! त्याच हप्त्यात मी बंगल्याचं काम सोडलं. बंगलेवाली म्हणली, "परत दारात यायचं नाही." म्हणलं, न्हाई येत, जा.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, भाव लावायचा कसा, डोक्याला टोपी कशी घालायची, सगळं शिकवलं. शेवटी ज्या रस्त्यानं पर्यटक नागफणीला जातात, तितं पिठलं-भाकरीचा स्टॉल मिळणार. माझा. जागा म्याडम मिळवून देणार.

शिकताना रोज सैपाक व्हायचा. पयलं ताट म्याडमपुढं. म्याडम हात जोडायच्या. "आज माझा उपवास आहे गं." सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला, मधीच चतुर्थी. आमाला खरंच वाटलं. केवढी देवाची बाई! मी परसातली रताळी उकडून न्हेली. उपासाला चालतात म्हणून. म्याडम गोड हसल्या. "आजचा निर्जळी आहे."

माझा जीव कळवळला. ही बाई आमच्यासाठी उपाशीपोटी राबती, आन आमी तिच्यासमोर हादडायचं? त्या दिवसापासनं मी बी तिच्यासंगं उपास धरला. ज्या दिवशी ती जेवायची न्हाई, त्या दिवशी मी बी न्हाई.

माझ्यासंगं शिकणारी चांगूमावशी एकदा म्हणली, "अगं, येवढं उपास करती, मग वाळत कशी न्हाई?" सगळ्या खिदळल्या. मीच मावशीवर खेकसले. "गप बस मावशी, पाप लागंल."

मग स्टॉलच्या उद्घाटनाचा दिवस. रस्त्याकडंला मांडव. संस्थेला देणग्या देणारी पुण्या-मुंबईची माणसं आली. मला पुढं चुलीपाशी बसवलं, नऊवारी नेसवून. मी काय रोज नऊवारी नेसते व्हय? पर नेसले. भाकरी थापली की फोटो. भाजली की वाढपी उचलून आत. मला वाटलं, पानात चालली.

आन मांडवामागं हे पोतं.

पोत्यापल्याड खुर्चीवर म्याडम जेवत बसल्यावत्या. आचाऱ्याची भाकरी, पिठल्यात बुडवून. सकाळीच मला म्हणल्यावत्या, आज उपवास आहे.

"म्याडम, उपास सुटला?"

घास तोंडात तसाच. मग म्हणल्या, "गैरसमज करून घेऊ नकोस. माझं वैयक्तिक काही नाही. पण लोक विचारतात गं, कुणी केलं म्हणून. धंद्यात हे बघावं लागतं. तू पुढं बस, जेवण मागून येत जाईल. स्टॉल तुझाच आहे."

म्हंजे चूल माझी. धूर माझा. फोटोत त्वांड माझं. हात तेवढे नकोत.

मला रडू आलं न्हाई. लाज वाटली. त्या रताळ्यांची. उपाशी काढलेल्या दिवसांची. बंगलेवालीनं निदान कप माझ्यासमोर पालथा घातलावता. हिनं खांद्यावर हात ठेवला, हसली, आन देवाला मधी घालून मला फसवलं.

मी चुलीकडं गेले. तव्यावरची भाकरी उचलली आन पंगतीत शिरले. म्हणलं, "तुमी खाताय ती माझी न्हाई. माझी ही. माझ्या भाकऱ्या मागं पोत्यात भरल्यात, जनावरांसाठी. मी कातकऱ्याची. ज्याला चालंल त्यानं हात पुढं करा."

कुणी ताटात बघत बसलं. एकानं मोबाईल पुढं केला. हात कुणाचा आला न्हाई. चांगूमावशी तेवढी उठली, माझ्या हातातली भाकरी मोडली आन उभ्याउभ्या खाल्ली.

म्याडम म्हणल्या, "तू स्वतःचं नुकसान करतेयस."

"व्हय," म्हणलं. मांडवामागं जाऊन नऊवारी सोडली, त्यांच्या खुर्चीवर टाकली, घरची साडी नेसून निघाले.

स्टॉल गेला. बंगल्याचं काम तर आधीच गेलेलं. आता त्याच रस्त्याला, जरा वर, तीन दगडांची चूल घालून बसते. वर ताडपत्री. फळीवर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिवलंय: हितं कातकरणीच्या हातची भाकरी मिळंल.

मावशी म्हणली, "जात कशाला लिवतीस? गिऱ्हाईक पळंल."

पळू दे. लय गाड्या पाटी वाचून पुढं जातात. कधीकधी दिवसभर परात कोरडी ऱ्हाते. पोटाला चिमटा बसतो, खोटं कशाला बोलू? पर आता कुणाच्या लबाड उपासापायी मी उपाशी न्हाई. आन जो थांबतो, त्याला मी आधी इचारते, "पाटी वाचली का?"

वाचली म्हणला, तरच पिठात हात घालते.