वर्तकनगरचे भिंतीबाहेरचे पेरू आज खाऊ नका

मित्रहो, आमच्या सोसायटीच्या भिंतीबाहेर आम्ही पेरूची झाडं लावली, ती येणाऱ्याजाणाऱ्याने फुकट पेरू खावेत म्हणून. आज सकाळी त्यांवर कीटकनाशक फवारलं गेलं.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो ताई, आतल्या बागेबरोबर बाहेरचंही उरकून घेतलं. लोक धुऊन खातील की!"

"रस्त्यावर नळ कुठंय, अहो?" म्हणत मी धावत गेले. तोवर खालच्या फांद्या रिकाम्या झाल्या होत्या.

पेरू कोणी नेले, ठाऊक नाही. घेणाऱ्याला नाव विचारायचं नाही, हा आमचा नियम, आमचा अभिमान. आज त्याचीच धास्ती वाटतेय.

ज्यांच्यासाठी झाडं लावली, ते ही पोस्ट वाचणार नाहीत. घरी कामाला येणाऱ्या मावशींना, नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना तुम्ही आत्ता, या क्षणी विचाराल का?