चार थडग्यांच्या शेजारी

हे लिहावे की नाही, याचा माझ्या मनाशी अजून निश्चय होत नाही. आमच्या माण तालुक्यातल्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. धर्मशास्त्रातले मला काही कळत नाही. त्यातून हा अनुभव माझ्या देवाचा म्हणावा की दुसऱ्यांच्या, तेही सांगता येत नाही. जाणत्या वाचकांनी माझे धाडस पोटात घालावे.

सांगलीला विश्रामबागेत मी हन्नाबाईंच्या मागच्या खोलीत राहत असे. बाई निवृत्त नर्स, विधवा. बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले, आपल्यासारखेच मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्यातले दुसरे घर आसपास मला माहीत नव्हते. धाकटी बहीण इस्राएलला गेलेली. दोन वर्षे बाईंनी मला जेवू घातले, तापात उशाशी बसल्या, माझे इंग्रजी सुधारले. एका शुक्रवारी पहाटे त्यांचा श्वास थांबला, तेव्हा जवळ मी एकटाच होतो. आदल्या आठवड्यात त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "मला जाळू देऊ नकोस हं. आमच्या माणसांत ठेव. आणि लवकर. शनिवारी आमच्यात पुरत नाहीत." मी हो म्हणालो. त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो, हे मला ठाऊक होते. पण 'आमची माणसे' कुठे, हे विचारायचे राहून गेले.

सकाळी अंगण भरले आणि माझे डोके चालेनासे झाले. घरमालक आप्पा सवयीने तिरडीचे बांबू आणायला निघाले, त्यांना मी थांबवले. समोरचे शिंपीचाचा म्हणाले, "आमच्या कबरस्तानात जागा देतो. माझ्या तिन्ही पोरांची बाळंतपणं बाईंनीच केली." मिशन शाळेच्या मास्तरांनी त्यांची दफनभूमी देऊ केली. सगळे मनापासून बोलत होते, पण बाईंची माणसे त्यात नव्हती. सणाला त्या पुण्याच्या सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनामंदिरात, जात, तेवढ्यावरून मी पुणे ठरवले. गल्लीतल्या जैन अडत्यांचा गुळाचा ट्रक तिकडेच निघाला होता. त्यांनी ढेपांशेजारी जागा करून दिली. निघताना तुळशीचे पान आणि कृष्णेचे पाणी मीच बाईंच्या तोंडात घातले. गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे ठेवू नये, एवढेच मला घरी शिकवलेले. वाटेत मनात आले, त्यांच्यात हे चालत असेल का? पण विचारणार कोणाला?

सातारा आला आणि ट्रकच्या पंख्याचा पट्टा तुटला. ड्रायव्हर धोंडीराम बॉनेटखालून म्हणाला, "दुसरा मिळंस्तवर चार वाजत्यात गड्या. पुणं आज उजेडी हाती लागत न्हाई." मी चाकाशी बसलो. आधी आमच्या खंडोबाला हाक मारली, मग लाज वाटली. ज्यांचे काम त्यांच्याच देवाला सांगावे, तर त्याचे नाव कसे घ्यायचे माहीत नाही. शेवटी मनात म्हटले, मला काही कळत नाही, तूच बघ.

समोरच्या चहाच्या टपरीवर काळी टोपी घातलेले एक म्हातारे एसटीची वाट पाहत होते. वाईहून पेन्शनच्या कामाला आले आणि कचेरी बंद निघाली, म्हणून त्रासलेले. "आत कोण आहे?" त्यांनी विचारले. मी सांगितले. ते उठून ट्रकपाशी आले. मग म्हणाले, "मीही त्यांच्यातलाच. पुण्याला कशाला? इथे माळावर आमची चार थडगी आहेत, जुन्या पलटणीतल्या माणसांची. राखणदार मला ओळखतो."

बाईमाणसाला बाईनेच आंघोळ घालायची, असे त्यांच्यात असते. टपरीवाल्या यशोदामावशी पुढे आल्या, पण धास्तावून म्हणाल्या, "आवं बाबा, मला तुमच्यातलं काय येतंय?"

"पाणी ओतता येतं ना? डोक्यापासून पायापर्यंत. धार तुटू द्यायची नाही."

"ओतते. तुमी आदी तोंड तिकडं करा!"

चादरींच्या आडोशाकडे पाठ करून ते एकेक गोष्ट सांगत राहिले. मी तुळशीच्या पानाचे कबूल केले. ते म्हणाले, "काढतील त्या. तू तहान भागवलीस पोरा, पाप नाही केलंस." मला तिथेच रडू आले.

पट्टा बसला तसे आम्ही ट्रक माळावर नेला. राखणदाराने खड्डा खणून ठेवला होता; मांजरपाटाच्या पांढऱ्या कापडात बाईंना मातीत ठेवले. धोंडीरामने डोक्याला टॉवेल गुंडाळला, मी रुमाल बांधला. बाबांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली आणि मध्येच पुस्तक मिटले. "पुढची आमचे दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही. मी एकटा आहे." सूर्य अजून किल्ल्याच्या वर होता.

वेळ साधली होती, पण प्रार्थना अर्धी राहिली होती. ती चार अनोळखी थडगी म्हणजे बाईंची माणसे झाली का, हेही मला उमगेना. बहिणीच्या जुन्या पत्त्यावर मी सगळे लिहिले, तुळशीच्या पानासकट, आणि वाट पाहत राहिलो. त्या दिवशी मी नीट केलेले काम एकच, असे आता वाटते: कळत नाही, हे कबूल केले. पुढचे ज्याचे त्याने पाहिले. तरी रात्री मन खायचे.

तीन महिन्यांनी मराठीत लिहिलेले उत्तर आले. बहिणीने घर बदलले होते, म्हणून माझे पत्र गावोगाव फिरून पोचले होते. तिने लिहिले होते: "पत्र आले त्याच संध्याकाळी आमच्या आळीतले दहा पुरुष अंगणात जमले, सगळे आपल्या कोकणातलेच. ताईच्या नावाने ती प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली."