किल्लेदारांचा धाकटा भाऊ

पाणीमहालाच्या पायऱ्यांवर किल्लेदार उलटे चालायचे. तोंड पर्यटकांकडे, पाठ पायऱ्यांकडे, डोक्यावर भगवा फेटा. "पाय जपून टाका मंडळी, इथला इतिहास लई निसरडा हाय!" हे वाक्य ते रोज नव्यानंच सुचल्यासारखं म्हणायचे. किल्लेदार हे नाव आम्हीच त्यांना दिलेलं. नळदुर्गच्या किल्ल्यावर ते गाइड होते. पगारी नव्हे, स्वतःच्या जिवावर. मी दाराशी कणसं भाजत बसायची.

आमचा दोघांचा सीझन पावसाळ्याचा. बोरी नदी भरली की किल्ल्यातले नर-मादी हे जोडधबधबे कोसळायचे आणि गर्दी लोटायची. पाणी आटलं की माणसंही आटायची. मग किल्लेदार फेटा पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि एका आचाऱ्याच्या हाताखाली लग्नांमध्ये वाढप्याचं काम धरायचे. त्याच आचाऱ्याकडे मी पुऱ्या लाटायला जायची. लग्न नळदुर्ग-तुळजापूरकडचं असलं की नेमकं त्यांचं पोट दुखायचं. म्हणायचे, "जिथं मला कोणी वळखत न्हाय, तिथं म्या पराती बी घाशीन."

बेंबळीच्या लग्नात मात्र ते सापडले. भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरत असताना एक गुरुजी पानावरून मान वर करून म्हणाले, "अहो किल्लेदार, तुम्ही?" मागच्या पावसाळ्यात गुरुजींचं अख्खं घर त्यांनी किल्ल्यावर फिरवलं होतं. किल्लेदारांचा चेहरा उतरला. "त्यो माझा थोरला भाऊ. आमी दोघं सारखंच दिसताव," असं म्हणून ते भाजी न वाढताच पुढे सरकले. गुरुजी मलाही ओळखतील या धास्तीनं मी पदर पुढे ओढला. लाटणं हातात होतं आणि मान काही वर होईना.

पाऊस सुरू झाल्यावर गुरुजी पाहुणे घेऊन किल्ल्यावर आले. हातात एक नवा पांढरा सदरा. "हा तुमच्या धाकट्याला द्या," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "आणि किल्लेदार, राग मानू नका. तुम्ही इथं फेटा बांधून मिरवता आणि सख्खा भाऊ लोकांच्या पंगती वाढतो. बरं दिसतं का हे?"

किल्लेदारांनी सदरा छातीशी धरला. "व्हय गुरुजी, चुकलंच माझं," एवढंच बोलले. त्या दिवशी पायऱ्या उतरताना ते सरळ चालले, लोकांकडे पाठ करून.

सीझनभर त्यांनी तो सदरा अंगाला लावला नाही. "धाकट्याचा हाय," म्हणायचे. उन्हाळ्यात लग्नाला निघाले की तोच घालायचे. एकदा मी थट्टेनं विचारलं, "धाकटे बरे आहेत ना?" ते हसले नाहीत. "त्याच्याकडं कुणी बघत न्हाय, बाई. म्या बी न्हाय," म्हणाले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या उन्हाळ्यात ईटच्या एका लग्नातून परतताना, बस थांब्यावरच ते बसल्या बसल्या गेले.

यंदा पाणी पडायला लागलं आणि गुरुजी आले. किल्लेदार गेल्याचं ऐकून डोळे पुसत माझ्या शेगडीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "आणि तो धाकटा? त्याचं आता कसं चाललंय?"

खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण ज्या माणसानं ती लाज जन्मभर झाकली, त्याच्या माघारी ती मी कशी उघडी करू? त्या लाजेत माझाही वाटा होता.

"तोही त्याच दिवशी गेला, गुरुजी," मी म्हणाले. "तुम्ही दिलेला सदरा अंगात होता."