माझ्याच चौकशीचा अध्यक्ष

आयुष्यात मला एकदाच कुणीतरी अध्यक्ष केलंय, आणि तेही माझ्याच चौकशीसाठी.

तेव्हा मी कोलशेतला एका छोट्या बातम्यांच्या चॅनलमध्ये कॉपी लिहायचो. बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये आमचा स्टुडिओ. उद्या पाणी कुठे येणार नाही, कुठला पूल अजून उघडणार नाही, कुठल्या नगरसेवकाचा वाढदिवस, अशा आमच्या बातम्या. आठवडाभर हे करायचं आणि रविवारी डोंबिवलीला घरी बसून गुपचूप एका मोठ्या वाहिनीसाठी दर गुरुवारी संध्याकाळी सातला लागणारी विनोदी मालिका लिहायची. मालिका कशावर, तर छोट्या बातम्यांच्या चॅनलच्या ऑफिसवर. माझी कल्पनाशक्ती तेवढीच. टायटलमध्ये माझं नाव नव्हतं, नुसतं 'लेखन विभाग' असं यायचं. त्या विभागात मी एकटाच होतो.

माल मिळायचा मेकअपरूममध्ये. अख्ख्या शेडमध्ये एसी धड चालायचा तो तिथेच, म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिथे जाऊन बसायचो. मेकअपवाल्या ताई पन्नाशीच्या, रोज खडवलीहून यायच्या. नवरा अर्धांगवायूने घरात बसलेला. नव्या चॅनलना मेकअपला पोरीच लागतात, ही नोकरी गेली तर या वयात दुसरी नाही, हे त्याच बोलून दाखवायच्या. आणि मग पफ झटकत म्हणायच्या, "एक सांगते, कुणाला बोलू नको. म्हणजे तू कुठे बोलणार म्हणा. तुला सांगितलं काय नि भिंतीला सांगितलं काय!"

रविवारी भिंत सगळं टाईप करायची.

आमच्या सरांना, म्हणजे संपादकांना, सुरुवातीला मालिका फार आवडायची. "हे सगळं त्या कल्याणच्या चॅनलचं चाललंय," म्हणून ते मांडीवर थाप मारायचे. मग एका भागात मालिकेतल्या संपादकाने न्यूजरूमचं घड्याळ मुद्दाम बारा मिनिटं पुढे केलं, स्टाफ पळत राहावा म्हणून. सरांची थाप हवेतच राहिली. आमचं घड्याळ बारा मिनिटंच पुढे होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी आत जातानाच मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो. पहिलं वाक्य बरं जमलेलं.

"बस," सर म्हणाले. "आपल्यातलाच कुणीतरी त्या मालिकावाल्यांना माल पुरवतोय. चौकशी समिती नेमतोय. अध्यक्ष तू."

"मी, सर?"

"तुझ्यासारखा सरळ माणूस नाही इथे. रटाळ लिहितोस, पण सरळ आहेस."

नाही म्हणायला हवं होतं. मी "थँक्यू सर" म्हणालो.

दोन आठवडे मी लोकांना केबिनमध्ये बोलावून विचारत होतो, "मालिका बघता का? कुणावर संशय?" सगळे एकमेकांची नावं सांगत होते. माझं कुणीच घेतलं नाही, याचा मला मनातून थोडा रागही आलेला.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी जेवणाचा डबा उघडतोय तोच सरांनी हाक मारली. दार लावून घेतलं. चेहऱ्यावर वर्ल्ड कप जिंकल्यासारखा आनंद.

"अध्यक्ष, तुमच्याच्याने काय होईना, म्हणून मीच गळ टाकला. एक खोटी गोष्ट बनवली आणि ऑफिसात फक्त एकाच व्यक्तीला सांगितली. आज संध्याकाळी ती मालिकेत आली, तर ती व्यक्ती उद्यापासून घरी."

"कुठली गोष्ट, सर?"

"की वास्तुवाले येऊन गेले. न्यूजरीडरचं टेबल ईशान्येला न्यायचंय, पण ईशान्येला बाथरूम आहे, म्हणून आता आपण बाथरूम हलवणार."

तो सीन मी गेल्याच्या आधीच्या रविवारी लिहिलेला. लिहिताना स्वतःच एवढा हसलेलो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आलेली.

"आणि सांगितलीत कुणाला?"

"मेकअपवाल्या बाईंना."

दात दुखतोय असं सांगून मी सुटलो. मालिकेचा निर्माता माझा शाळेतला दोस्त, त्याचं एडिटिंगचं ऑफिस डोंबिवलीत, पूर्वेला. फोन उचलेना, म्हणून थेट जाऊन धडकलो. तो वडापाव खात होता.

"आजच्या भागातला बाथरूमचा सीन काढ."

"येडा झाला काय रे? सकाळीच गेला एपिसोड वाहिनीकडे. आता आपण हातसुद्धा लावू शकत नाही." त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "आणि का काढायचा? बेस्ट सीन आहे भाई तुझा. त्याच्या पुढचा मेकअपरूमचा तर कडक! ती बाई कुठून सुचली रे तुला?"

मी पाणी मागितलं.

सहाच्या सुमारास कोलशेतला परत पोचलो. सरांनी सगळ्या स्टाफला न्यूजरूममधल्या मोठ्या टीव्हीसमोर बसवलेलं. ताई कोपऱ्यात, पर्स मांडीवर, आपल्या गाडीच्या वेळेच्या हिशेबात. त्यांना कसलीच कल्पना नव्हती. मला बघून खुणेने विचारलं, दात?

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. टीव्हीवर अजून दुसराच कार्यक्रम चालू होता. म्हणजे माझ्याकडे बारा मिनिटं होती. उठायचं आणि सांगून टाकायचं, एवढंच. पाच मिनिटं मी सुरुवात कशी करावी याचा विचार केला. पुढची पाच बुटाची नाडी बांधली. उरलेल्या दोन मिनिटांत दुसऱ्या बुटाची. मग टायटल वाजलं.

बाथरूमचा सीन आला. प्लंबर, वास्तुवाले, हातात होकायंत्र घेतलेला संपादक. कुणीही हसलं नाही. ताईंचा हात तोंडावर गेला. सर सावकाश त्यांच्याकडे वळले आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागली.

"बाई," सर म्हणाले, "ही गोष्ट मी फक्त तुम्हाला सांगितलेली."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. माझं नाव घेता आलं असतं. त्यांनी घेतलं नाही.

"सर, मालिका मी लिहितो." आवाज माझाच होता, पण बारीक.

सर हसले. "बस खाली. ताईंना वाचवतोयस, चांगलं आहे. पण तू आणि विनोद? अरे, तुझी दहीहंडीची बातमी ऐकून लोकांना सुतक आल्यासारखं वाटलेलं."

सगळे हसले. माझ्या आयुष्यातला ऑफिसातला पहिला हशा, आणि तो माझा नव्हता.

जाहिराती संपल्या. पडद्यावर मेकअपरूम आली. पुढे काय आहे ते मला पाठ होतं. गप्प बसलो असतो तर ताईंची नोकरी गेली असती. बोलायचं, तर ताईंसमोरच बोलायचं होतं.

"आता ती म्हणेल, कुणाला बोलू नको हं," मी म्हणालो.

"कुणाला बोलू नको हं," पडद्यावरची बाई शिपायाला म्हणाली.

"शिपाई विचारेल, मग मला कशाला सांगताय?"

शिपायाने विचारलं. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

ताई माझ्याकडेच बघत होत्या. मी जमिनीकडे बघून म्हणालो, "तुला सांगितलं काय नि भिंतीला सांगितलं काय."

पडद्यावरच्या बाईने ते मान वेळावून, पफ झटकत म्हटलं. आम्ही तिला तसंच शिकवलेलं.

"आणि बाथरूमचं तुला कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"तुम्ही ताईंना सांगत होतात, तेव्हा मी मेकअपरूममधल्या कपड्यांच्या पडद्यामागे होतो, सर. चोरून ऐकलं." माझ्या लेखनातला तेवढाच प्रसंग संपूर्ण काल्पनिक आहे.

सरांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "अहवाल लिहून टेबलावर ठेव आणि जा." अध्यक्ष या नात्याने मी तो लिहिला. आरोपीने गुन्हा कबूल केला आहे, समितीचे काम संपले आहे. सही एकाच माणसाने दोन ठिकाणी केली.

दाराशी ताई चपला घालत होत्या. नोकरी वाचलेली.

"ताई, मी..."

"भिंत बरी रे," त्या म्हणाल्या. "भिंत माझी नक्कल तरी नाही करत." आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या.

आता मी फक्त मालिकाच लिहितो. पाच-सहा महिन्यांनी ताईंचा एक मेसेज आला: 'ती बाई पफ चुकीचा धरते. दोन बोटांत धरायचा.' पुढच्या शूटला मी स्वतः नटीला दोन बोटांत धरायला लावला. तेव्हापासून अधूनमधून येतात तसे मेसेज. पावडर जास्त झाली, टिकली वर लागली. मी लगेच विचारतो, बाकी ऑफिसात काय चाललंय, ताई?

दोन निळ्या टिक्स येतात. उत्तर येत नाही.